माफीनाम्यावर सही केली, आता हे पत्र: कुलगुरूंना एका विद्यार्थिनीचं खुलं पत्र

माननीय कुलगुरू महोदय, कुलसचिव महोदय आणि वसतिगृह समितीचे सर्व सदस्य,

सविनय नमस्कार.

दिवाळीच्या सुट्टीआधी आपल्या कार्यालयाबाहेरच्या बाकावर बसून मी एका कागदावर सही केली. कागद छापून तयार होता. ‘माझ्या वक्तव्यामुळे परिसरातील शांतता भंग पावल्याबद्दल मी बिनशर्त माफी मागतो/मागते.’ त्यात ‘मागतो’ खोडायचं आणि नाव-रोल नंबर भरायचा, एवढंच माझ्याकडे होतं. खालची तारीखही टाइप केलेली होती, आणि ती आदल्या दिवसाची होती. म्हणजे मला आत बोलावून विचारपूस करण्याच्या एक दिवस आधीच मी माफी मागून मोकळी झाले होते.

तेव्हा गप्प बसले, कारण हिवाळी परीक्षेचा फॉर्म अडेल अशी भीती होती. आता फॉर्म भरून झाला आहे.

विद्यापीठाचं नाव मी इथे लिहीत नाही. नागपुरात विद्यापीठं काही एकच नाही, आणि मी जे सांगणार आहे ते ज्यांना आपल्याच आवारातलं वाटेल त्यांनी तसं खुशाल वाटून घ्यावं. वाचणाऱ्या बाकी लोकांना माहीत नसणार, म्हणून प्रकरण पहिल्यापासून सांगते.

आमची मेस मुलामुलींची एकच आहे. जुलैत काही जणांनी मागणी केली की आठवड्यातून दोन दिवस उकडलेली अंडी मिळावीत, वेगळे पैसे घ्या. काही जणांनी विरोध केला. पंधरा दिवसांत व्हॉट्सॲपवर दोन गट झाले, जेवायच्या टेबलांच्या दोन बाजू झाल्या, आणि मेसच्या फळ्यावर रोज कोणी काही लिहायचं आणि रोज कोणी ते पुसायचं. पोळ्याच्या पाडव्याला नागपुरात मारबत आणि बडग्यांचे पुतळे मिरवतात आणि ‘अमुक घेऊन जा गे मारबत’ म्हणत नकोशा गोष्टी त्यांच्यासोबत धाडतात; आमच्यातल्या काही जणांनीही पुठ्ठ्याचा छोटा बडग्या केला आणि त्याच्या गळ्यात पाटी अडकवली, ‘पातळ वरण घेऊन जा गे मारबत’. त्या दिवशी मात्र दोन्ही गट हसले. वरणाबद्दल मतभेद नव्हता.

तोवर ग्रंथालयामागच्या कडुनिंबाखालच्या ओट्यावर आमचा शनिवारचा गट वर्षभर चालू होता. तासिका तत्त्वावर शिकवणाऱ्या आमच्या एका सरांनी तो सुरू केला. दहा-पंधरा जण, दुपारी चार वाजता. (एप्रिलमध्ये चारला नागपुरात झाडाखालीसुद्धा बसवत नाही, तेव्हा सकाळी साडेसहाला.) नियम तीनच होते. मोबाइल पिशवीत. ‘तुम्ही लोक’ हे दोन शब्द तोंडातून निघाले की दोन रुपये दंड. आणि तिसरा, सगळ्यात त्रासदायक: समोरच्याला उत्तर देण्याआधी त्याचं म्हणणं आपल्या शब्दांत सांगायचं, आणि तो ‘हो, हेच म्हणतोय’ म्हणेपर्यंत पुढे जायचं नाही.

अंड्याचा विषय गटात आला तेव्हा माझ्यासमोर वणीकडचा एक मुलगा होता. घर माळकरी. तो म्हणाला, “अंड्याच्या पातेल्याचा वास आला की मले पोटात कालवते. आईनं माळ घालून पाठवलं, इथं तीन वर्षं पाळली. आता ताट कुठं ठेवू तेच समजत नाही.”

मी म्हटलं, “तुझं म्हणणं असं की अंडी खाणारे अपवित्र असतात.”

“नाही.”

“मग असं की आम्ही खाऊच नये.”

“नाही ना. ऐकून तं घे.”

तिसऱ्यांदा मी जरा थांबले. मग म्हटलं, “आम्ही खाल्लं तरी चालेल, पण तुझं ताट ठेवायला तुला अशी जागा हवी जिथे ते पातेलं नसेल.”

“हो. हेच म्हणून राहिलो मी केव्हाचा.”

महिनाभर आम्ही एका मेसमध्ये जेवत होतो आणि त्याचं म्हणणं मला इतकं साधं माहीत नव्हतं. मी त्याच्या तोंडी घातलेली वाक्यं मी कुठून आणली होती? फळ्यावरून. व्हॉट्सॲपवरून. घरी, पवनीला, लहानपणापासून ऐकलेल्या आणि काही भोगलेल्या गोष्टींवरून. त्या गोष्टी खोट्या नव्हत्या. पण त्या या मुलाने केलेल्या नव्हत्या.

मग त्याची पाळी. माझं हिमोग्लोबिन जूनमध्ये 8.4 आलं होतं. डॉक्टरांनी औषध दिलं आणि जेवण सुधारायला सांगितलं. मेसच्या वरणात डाळ शोधावी लागते. एका अंड्यात सहा ग्रॅमच्या आसपास प्रथिनं मिळतात आणि ते मला परवडतं. हे त्याने स्वतःच्या शब्दांत सांगताना दोनदा ‘तुला अंडं आवडते’ असंच म्हटलं. तिसऱ्यांदा म्हणाला, “तुले ते आवडीसाठी नाही पाहिजे.” 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या 15 ते 49 वयाच्या महिलांपैकी निम्म्याहून जास्त रक्तक्षयाच्या निघाल्या, ही माहिती आम्ही दोघांनी त्यानंतर शोधली. आधी कोणी माझ्या तोंडावर फेकली असती किंवा मी त्याच्या, तर ती नुसती दगडासारखी गेली असती.

तिसऱ्या शनिवारी तडजोड झाली. बुधवार आणि शुक्रवार. वेगळं पातेलं, वेगळी शेगडी, खिडकीजवळचं कोपऱ्यातलं टेबल. एकादशी त्या वारी आली तर दिवस बदलायचा. कूपन आधी घ्यायचं. मेसचे काका म्हणाले, शेगडीची सोय करून द्या, मग मला काही अडचण नाही. हे सगळं एका पानावर लिहून, दोन्ही बाजूंच्या 31 सह्या घेऊन आम्ही वसतिगृह समितीकडे दिलं. आवक-जावकच्या खिडकीवर पोच मिळाली. उत्तर आजतागायत नाही.

त्याच शनिवारी सरांनी शेवटी एक खेळ घेतला. दोन मिनिटं प्रत्येकाने विरुद्ध बाजू मांडायची, आणि अशी मांडायची की त्या बाजूच्या माणसाला वाटावं, हे मलाही इतकं चांगलं जमलं नसतं. मी माळकऱ्याची बाजू मांडली: ज्या घरात पिढ्यान्‌पिढ्या अंडं शिजलं नाही त्या घरच्या मुलाला ‘सवय कर’ म्हणणं ही जबरदस्ती आहे, मेसमध्ये अंडी नकोतच. त्याने माझी मांडली: आमच्या ताटात काय असावं हे दुसऱ्याच्या सोवळ्याने ठरणार नाही. त्याने ती माझ्यापेक्षा चांगली मांडली, हे कबूल करते.

कोणीतरी लपून मोबाइल सुरू ठेवला होता. 38 सेकंदांची क्लिप रात्रीपर्यंत कुठे कुठे पोचली ते आपल्याला माहीत आहे. पवनीहून काकांचा फोन आला, “नागपूरले जाऊन हेच शिकली का वं?” त्याच्या बाबांना गावातल्या भजनी मंडळातल्यांनी गाठलं. दुसऱ्या दिवशी फाटकापाशी वीस-पंचवीस माणसं जमली, दोन वेगवेगळे घोळके. एकाला मी हवी होते, दुसऱ्याला तो. म्हणजे आम्हा दोघांना आपापल्याच घरचे लोक शोधत होते, आणि तेही आम्ही न मानलेल्या मतांसाठी.

संध्याकाळी नोटीस लागली: ‘यापुढे पूर्वपरवानगीशिवाय परिसरात कोणतीही चर्चा, सभा अथवा गटबैठक घेता येणार नाही.’

आधी आमच्या चुका सांगते, म्हणजे त्या आपल्याला दाखवत बसावं लागणार नाही. आम्ही परवानगी घेतली नव्हती. सगळे शनिवार चांगले गेले असंही नाही. आरक्षणावरचा शनिवार पूर्ण फसला. एक मुलगी मधेच उठून गेली ती परत आलीच नाही, आणि तिला ज्या प्रश्नाला उत्तर द्यायला लावलं गेलं तो प्रश्न कोणालाच विचारायचा नसतो. तू इथे बसायच्या लायकीची आहेस का, हा चर्चेचा विषय नाही. तो विषय निघाला की खेळ थांबवायचा, हे आम्हाला तेव्हा कळत नव्हतं, सरांनाही नाही. शिकवलेलंच नव्हतं कोणी. फाटकावर गर्दी झाली त्या रात्री वॉर्डन मॅडम साडेबारापर्यंत आमच्या मजल्यावर खुर्ची टाकून बसल्या होत्या, ते मी विसरलेले नाही. आपली भीती खोटी नव्हती. पण त्या भीतीतून आपण जे केलं त्याबद्दल माझ्या तक्रारी आहेत.

पहिली. चौकशीत ती क्लिप तीनदा लावली गेली, आणि तिच्या आधी-नंतर काय झालं हे एकदाही विचारलं गेलं नाही. मी सांगायला लागले, “सर, ते माझं मत नव्हतं, तो सराव होता.” उत्तर आलं, “बोललीस की नाही, एवढंच सांग.” बोलले होते. सही केली.

दुसरी तक्रार शिकवण्याबद्दल आहे, आणि ती मला सगळ्यात जास्त बोचते. माझी धाकटी बहीण शहरातल्याच एका महाविद्यालयात बी.ए. करते. नव्या शैक्षणिक धोरणातल्या भारतीय ज्ञान प्रणालीच्या पेपरासाठी ती परवा पाठ करत होती: न्यायसूत्रांत चर्चेचे तीन प्रकार सांगितले आहेत, वाद, जल्प आणि वितंडा. सत्य शोधण्यासाठी प्रमाणं देऊन होतो तो वाद. जिंकण्यासाठी होतो तो जल्प, त्यात शब्दच्छलही चालतो. आणि स्वतःची बाजूच न मांडता फक्त समोरच्याची मोडायची, ती वितंडा. गंमत बघा, मराठीत आपण वितंडवाद जपून ठेवला, ‘वाद’ला भांडणाचा अर्थ दिला, आणि जल्प हा शब्द सोडूनच दिला, जो आपण सर्वांत जास्त करतो. बहिणीला हे तीन प्रकार दोन गुणांना येतील. करून बघायला एक ओटा होता, त्याला नोटीस लागली.

जल्पाचं म्हणाल तर मी त्यात पारंगत आहे. वादविवाद स्पर्धांच्या तीन ढाली माझ्या खोलीत आहेत. बाजू चिठ्ठी काढून ठरते, चार मिनिटं मिळतात, शेवटच्या मिनिटाला घंटा होते. त्या तिन्ही वेळा प्रतिस्पर्धी बोलत असताना मी मान खाली घालून माझं खंडन लिहीत होते. त्यांच्यापैकी एकाचंही एक वाक्य मला आज आठवत नाही. विद्यापीठाने त्याबद्दल माझा सत्कार केला. ज्या शनिवारी मी पहिल्यांदा कोणाचं ऐकलं, त्याबद्दल माफीनामा घेतला.

आणि नोटिशीनंतर आठ दिवसांनी आपण ‘प्रभावी संवाद’ या विषयावर सक्तीची कार्यशाळा ठेवलीत. बाहेरचे तज्ज्ञ आले. तीन तास पडद्यावर स्लाइड दिसत होत्या. डोळ्यांत बघून बोला, हात कसे ठेवा, मुलाखतीत कसं बसा. एका स्लाइडवर ‘ऐकणे ही कला आहे’ असं लिहिलं होतं. वेळेअभावी प्रश्नोत्तरं रद्द झाली. प्रमाणपत्र मात्र सगळ्यांना मिळालं, मलाही. आमच्या गटातला तिसरा नियम काही सरांनी हवेतून आणला नव्हता. कार्ल रॉजर्स या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने 1950 च्या दशकाच्या सुरुवातीलाच हा सराव सुचवला होता: समोरच्याचं म्हणणं त्याचं समाधान होईल असं सांगा, मगच आपलं बोला. आपल्याकडच्या शास्त्रीय ग्रंथांत त्याच्याही कितीतरी आधीपासून सिद्धान्ताअगोदर पूर्वपक्ष, म्हणजे आपल्या मताअगोदर समोरच्याची बाजू, मांडायची रीत आहे. कार्यशाळेत दोन्हींपैकी काहीच आलं नाही. शेजारच्या खुर्चीतल्या मुलीशी पाच मिनिटं बोला, इतकंसुद्धा कोणी सांगितलं नाही.

तिसरी तक्रार थोडक्यात. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या 2023 च्या नियमांनुसार विद्यार्थ्यांच्या तक्रारींसाठी निवारण समिती असायला हवी आणि तिने शक्यतो 15 कामकाजी दिवसांत अहवाल द्यायला हवा. आमच्या समितीच्या सदस्यांची नावं मला कोणत्याही फलकावर सापडली नाहीत. 2016 च्या विद्यापीठ कायद्यात विद्यार्थी परिषदेची तरतूद आहे. इथल्या पाच वर्षांत मी एकदाही मत दिलेलं नाही. मग आम्ही बोलायचं कुठे?

चौथी. आमच्या सरांना कोणीही लेखी काही दिलं नाही. फक्त पुढच्या सत्राच्या तासांच्या यादीत त्यांचं नाव अजून आलेलं नाही. तासिकेवरच्या माणसाला शिक्षा करायची तर काही करावं लागत नाही, हे मला या प्रकरणात कळलं.

आपल्या शहरात बोलण्याची एक ठरलेली पद्धत आहे. 1953 च्या नागपूर करारामुळे हिवाळ्यात विधिमंडळाचं अधिवेशन इथे भरतं. यशवंत स्टेडियमवरून मोर्चा निघतो, मॉरिस कॉलेजच्या टी-पॉइंटपाशी अडवला जातो, पाच जणांचं शिष्टमंडळ आत जातं, निवेदन देतं, पोच घेऊन बाहेर येतं, घोषणा होतात, लोक बसमध्ये बसून गावी जातात. माझे वडील अशा चार मोर्च्यांना आले आहेत. आमच्या घरी निवेदनांच्या पोचांची एक फाइल आहे, उत्तरांची नाही. विद्यापीठात तरी वेगळं काही असेल असं मला वाटलं होतं. प्रशासकीय इमारतीच्या पायऱ्या चढल्यावर समोर संविधानाची उद्देशिका लावली आहे, त्यामुळे असेल. त्या संविधानाच्या मसुद्यावर 7,635 दुरुस्त्या आल्या आणि त्यांपैकी 2,473 सभागृहात प्रत्यक्ष मांडल्या गेल्या, हे बाबासाहेबांनी 25 नोव्हेंबर 1949 च्या भाषणात सांगितलं आहे. त्या सभेतही लोक एकमेकांवर चिडत होते.

कुलगुरू महोदय, एक गोष्ट फक्त आपल्यासाठी. पावसाळ्यातल्या वर्षावासात आमच्या विहारात भन्ते, म्हणजे भिक्खू, मिलिंद राजाची कथा सांगायचे. मिलिंद ग्रीक राजा, वादात कोणालाही न हरणारा. तो भिक्खू नागसेनांना म्हणाला, माझ्याशी चर्चा करा. नागसेन म्हणाले, महाराज, पंडितासारखं बोलणार असाल तर करू, राजासारखं बोलणार असाल तर नाही. राजाने फरक विचारला. पंडितांच्या चर्चेत, नागसेन म्हणाले, गुंता होतो, उकलही होते, चूक दाखवली जाते, ती मान्यही केली जाते, आणि तरी ते रागावत नाहीत. राजे मात्र एक मत धरून बसतात, आणि जो विरोध करील त्याला दंड करा म्हणतात. लहानपणी मला वाटायचं, या गोष्टीत शूर नागसेन आहेत. आता वाटतं, अवघड काम राजाचं होतं. तो म्हणाला, ठीक आहे, पंडितासारखं बोलू.

आपण दोन्ही आहात. चौकशीच्या दिवशी मला फक्त एक भेटले.

माझ्या मागण्या:

चर्चाबंदीची नोटीस मागे घ्यावी. परवानगी हवीच असेल तर ती कोणाकडे मागायची, किती दिवसांत मिळेल आणि नाकारली तर कारण काय, हे लिहून लावावं.

आम्हा दोघांचे माफीनामे फाइलमधून काढावेत. निदान त्यांच्यावरची तारीख तरी दुरुस्त करावी.

कोणत्याही क्लिपवरून कारवाई करण्याआधी पूर्ण प्रसंग ऐकावा, दोन्ही बाजूंनी. चोरून चित्रीकरण करणाऱ्याचाही शोध घ्यावा; त्याला काढून टाका असं मी म्हणत नाही, त्याला शनिवारी आणा.

विद्यार्थी विकास विभागाने दरवर्षी वीसेक विद्यार्थ्यांना आणि काही शिक्षकांना चर्चा चालवण्याचं नीट प्रशिक्षण द्यावं, एका दिवसाचं नाही, सत्रभराचं. त्यात कुठे थांबायचं हेही शिकवावं, म्हणजे त्या मुलीसारखं पुन्हा कोणी उठून जाणार नाही. वॉर्डन मॅडम आणि फाटकावरचे सुरक्षारक्षक यांनाही त्यात घ्यावं, कारण भांडण आधी त्यांच्यापर्यंत पोचतं. कृपा करून याला क्रेडिट लावू नका. परीक्षा आली की आम्ही पाठ करतो.

तक्रार निवारण समितीच्या सदस्यांची नावं फलकावर लावावीत.

सरांचे तास त्यांना द्यावेत किंवा न देण्याचं कारण लेखी द्यावं.

महिन्यातून एका शनिवारी आपल्यापैकी कोणीतरी ओट्यावर यावं. नियम तेच राहतील. आपण आम्हाला उत्तर देण्याआधी आमचं म्हणणं आपल्या शब्दांत सांगाल, आणि आम्ही आपलं. ‘तुम्ही मुलं’ असं म्हटलं तर दोन रुपये दंड, त्यात सूट नाही. तो डबा अजून माझ्याकडे आहे, त्यात 46 रुपये आहेत.

आणि शेगडीचं काय ते कळवावं. वणीचा मुलगा आणि मी दोघंही विचारतो आहोत.

या पत्राची एक प्रत आज सकाळी आवक-जावकच्या खिडकीवर दिली आहे. पोच मिळाली. तिच्यावर आजचीच तारीख आहे, मी तिथेच उभी राहून तपासून घेतली.

आपली विद्यार्थिनी,
पदव्युत्तर द्वितीय वर्ष, नागपूर

(नाव आपल्याकडच्या माफीनाम्यावर आहे.)